स्विचची स्क्रिप्ट मध्येच अडकतेय, मदत हवी आहे

सिस्कोचे 14 नेटवर्क स्विच आहेत, रोज तेच तेच टाइप करून वैतागलो म्हणून अलायस एक्झेकने (कमांडला छोटं नाव देणारी सोय) शो आयपी इंटरफेस ब्रीफ ही कमांड दोन अक्षरांवर आणली, ते मस्त चालतंय. मग हौसेने पायथनमध्ये पॅरामिको ही एसएसएचची (दुरून सुरक्षित लॉगिनची) लायब्ररी वापरून स्क्रिप्ट लिहिली, लॉगिन होतं पण शो रन (सगळं कॉन्फिगरेशन दाखवणारी कमांड) पाठवलं की एक पान दाखवून मोअरवर येऊन बसतं. आधी टर्मिनल लेंग्थ 0 (पानापानाने थांबणं बंद करणारी कमांड) पाठवलं तर सुटतं, पण कधीकधी प्रॉम्प्ट (स्विच पुढच्या कमांडला तयार असल्याची खूण) यायच्या आतच पुढची कमांड जाते आणि आउटपुट अर्धवट मिळतं. मध्ये 2 सेकंदांचा स्लीप (थांबा) टाकलाय, जुगाडच आहे तो. नेटमिको ही पॅरामिकोवरच बांधलेली लायब्ररी प्रॉम्प्टची वाट स्वतःच बघते ना, मग सगळं त्यावर नेऊ का?

अजून एक, परवा ट्रंकवर (अनेक व्हीलॅन वाहून नेणारी स्विचमधली जोडणी; व्हीलॅन म्हणजे नेटवर्कचा वेगळा केलेला भाग) व्हीलॅन 30 अलाउड करताना अ‍ॅड हा शब्द टाकायचा राहिला, जुनी सगळी यादी उडाली आणि मी त्याच ट्रंकवरून आत शिरलेलो (हसू नका). आता आधी रीलोड इन 10 (10 मिनिटांनी स्विच आपोआप रीस्टार्ट, म्हणजे सेव्ह न केलेले बदल जातात) देतो आणि मगच हात लावतो, नीट झालं तर कॅन्सल. स्क्रिप्टमध्ये हे कसं बसवता तुम्ही? आणि पासवर्ड कुठे ठेवता, माझा सध्या फाइलमध्येच लिहिलेला आहे.