‘स्पेशल छब्बीस’: शेवटी सगळंच इतकं कसं जुळतं?

वाफाळता_चहा:
काल ‘स्पेशल छब्बीस’ तिसऱ्यांदा पाहिला. (शेवट फोडणार आहे. पाहिला नसेल तर इथूनच मागे फिरा.) २०१३ साली थेटरात शिट्टी मारली होती, कबूल. सीबीआयचे अधिकारी म्हणून मिरवणारी टोळी, मागावर मनोज वाजपेयीचा वसीम खान, खरा सीबीआयवाला. टोळी मुंबईतल्या सराफाच्या दुकानावर येणार म्हणून तो खरा माल कारखान्यात हलवतो, दुकानात नकली मांडतो. टोळी धाड घालते ती कारखान्यावर! कारण वसीमच्या शेजारी बसलेला निलंबित फौजदार रणवीर सिंग (जिमी शेरगिल) पहिल्यापासून त्यांचाच.
तेव्हा भारी वाटलं, आता खटकतं. रणवीर पोलीस खात्यातला. त्याचं सर्व्हिस बुक असणार, फोटो असणार, गावचा पत्ता असणार. त्याच्यासोबतच्या पोलीस बाईचं, शांतीचंही तेच. टोळीतल्या शर्माजींचा (अनुपम खेर) तर भरला संसार. हे सगळे पचवून सुखात?

फुल्ली_गोळा:
अहो, साल १९८७ आहे. ओळखपत्र खरं की खोटं हे बघायला दिल्लीला ट्रंक कॉल लावायचा, तोवर समोरचा पसार.
आणि रणवीरचीच तर खरी गंमत आहे. मंत्र्याच्या घरच्या पहिल्या धाडीत तो खेरांचे हुकूम झेलत असतो, पुढे निलंबित होतो. आपल्याला त्याची कणव येते, म्हणून संशय येत नाही. मंत्र्याला तोंड दाबून बुक्क्यांचा मार. काळा पैसा गेला म्हणून तक्रार कुठे करणार? ही रचना सुचायला डोकं लागतं. सर्व्हिस बुक कसलं काढताय?

झारेकरी:
मला वेगळीच अडचण आहे. माझे मामा सराफाच्या पेढीवर होते. रात्री दुकान वाढवताना एकेक ट्रे मोजून तिजोरीत जायचा. एक कुडी कमी भरली की सगळे खाली वाकून सतरंजी झटकायचे, मालकसुद्धा. कारखान्यात तर जमिनीचा केरही फेकत नाहीत, त्यात सोन्याची कणी असते. असा मालक अख्ख्या दुकानाचा माल सरकारी माणसाच्या शब्दावर हलवेल, आणि पहाऱ्याला तिथे शहाणा माणूस ठेवणार नाही? छे!

फुल्ली_गोळा:
मामांना घेऊन सिनेमाला जाऊ नका.

वाफाळता_चहा:
@झारेकरी, अगदी हेच. सिनेमा ज्यावरून घेतला, त्या मूळ प्रकरणात असलं काही लागलंच नव्हतं. १९ मार्च १९८७, ऑपेरा हाउसचं त्रिभोवनदास भीमजी झवेरींचं दुकान. मोन सिंग नाव सांगणाऱ्याने पेपरात जाहिरात देऊन, ताजमध्ये मुलाखती घेऊन सव्वीस पोरं नेमली आणि बसने नेली. दागिने ‘नमुने’ म्हणून बॅगेत भरले, पोरांना पहाऱ्याला बसवलं आणि निघून गेला. तो सापडलाच नाही. ना फितूर पोलीस, ना नकली माल.
मला त्या पोरांचं वाटतं. नोकरी लागली म्हणून घरी सांगून आलेली असतील. साहेब आत्ता येतील म्हणत बसली असतील. सिनेमाचं नावच त्यांच्यावरून, आणि शेवटी त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. दिग्दर्शक टाळीच्या मागे.

फुल्ली_गोळा:
पोरांचं म्हणणं पटलं. पण तुमचा सिनेमा काढला तर अडीच तासांनी ‘सापडला नाही’ अशी पाटी येणार. तिकिटाला पैसे मोजणारा माणूस शेवटी वसीमचा पडलेला चेहरा मागतो, आणि वाजपेयीने तो दिलाय. चोरीच्या सिनेमात कोणीतरी कोणालातरी मामा बनवलंच पाहिजे.

झारेकरी:
परत मामा?

कोथरूडची_काकू:
भांडा खुशाल. पण ऐन रंगात आलेल्या पाठलागात ती काजल अगरवालची प्रेमकहाणी कशाला घुसडली, ते एकाने सांगा.

वाफाळता_चहा:
तिन्ही वेळा पुढे ढकलली, काकू.

फुल्ली_गोळा:
मीही.