नेरीससारखे दिसणारे सागरी कृमी: जाती वेगळ्या कशा ओळखाव्यात?

प्रश्न: एम.एस्सी. (प्राणिशास्त्र) विद्यार्थिनी, कोल्हापूर

नमस्कार. रत्नागिरीजवळच्या भाट्ये खाडीच्या मुखाशी ओहोटीच्या वेळी दगडांखालच्या चिखलमिश्रित वाळूतून आमच्या गटाने काही पॉलिकीट कृमी (शरीर खंडाखंडांचे आणि बाजूंना रोम असलेले सागरी कृमी) गोळा केले. कोल्हापूरला परतल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली पाहता ते सर्वच प्रथमदर्शनी नेरीस, म्हणजे पाठ्यपुस्तकातील नमुनेदार पॉलिकीट, वाटतात. चार डोळे, दोन आखूड शृंगिका, त्यांच्या बाजूंना दोन जाड पाल्प (स्पर्शावयव) आणि डोक्यामागे स्पर्शकतंतूंच्या चार जोड्या सर्वांना आहेत. तरीही त्यांत दोन जाती असाव्यात असे मला वाटते, कारण काही कृमी जिवंतपणी हिरवट होते आणि काही तांबूस, शिवाय खंडांची संख्याही सारखी भरत नाही. पाठ्यपुस्तकात एकाच नमुनेदार प्राण्याचे वर्णन असते, त्यामुळे पुढे कसे जावे हे कळत नाही. जातीपर्यंत पोहोचण्यासाठी शरीराची नेमकी कोणती लक्षणे पाहावीत?

उत्तर १: निवृत्त प्राध्यापक, कोल्हापूर

आपण नोंदवलेली डोक्याची लक्षणे नेरिडिडी कुलाची आहेत, म्हणजे पहिली पायरी बरोबर पडली आहे. मात्र रंग आणि खंडसंख्या ही दोन्ही लक्षणे बाजूला ठेवा. रंग फॉर्मॅलिनमध्ये टिकत नाही. खंड वयानुसार वाढत जातात, आणि तुटलेले शेपूट पुन्हा उगवत असल्यामुळे एकाच जातीच्या दोन कृमींतही ते जुळत नाहीत.

या कुलात खरी माहिती उलटून बाहेर येणाऱ्या ग्रसनीवर (घशाच्या भागावर) असते. तिच्या टोकाशी जबड्यांची एक जोडी असते, आणि जबड्यांजवळचे कडे व तोंडाजवळचे कडे अशा दोन पट्ट्यांवर पॅराग्नॅथ नावाचे बारीक, तपकिरी, कठीण दाते असतात. या दोन कड्यांची मिळून आठ क्षेत्रे मानली जातात व त्यांना १ ते ८ असे क्रमांक दिलेले आहेत. पहिली चार जबड्यांकडच्या कड्यावर, उरलेली तोंडाकडच्या कड्यावर. कोणत्या क्षेत्रात किती दाते आहेत, ते शंकूसारखे आहेत की आडव्या पट्टीसारखे, आणि कोणते क्षेत्र पूर्ण मोकळे आहे, हे सर्व चित्र काढून नोंदवा. विशेषतः क्षेत्र ६ नीट पाहा, कारण तेथे आडव्या पट्ट्या असणे हे पेरिनेरीस या प्रजातीचे (जातींच्या गटाचे, genus) ठळक लक्षण आहे. ग्रसनी आत ओढलेली असेल तर खालच्या बाजूने, मध्यरेषेपासून किंचित सरकून बारीक छेद घ्या, म्हणजे वरच्या बाजूची क्षेत्रे अखंड राहतील.

विद्यार्थिनी

सर, आपण सांगितल्याप्रमाणे छेद घेतला. हिरवट कृमींच्या क्षेत्र ६ वर दोन्ही बाजूंना एकेक आडवी पट्टी स्पष्ट दिसते. तांबूस कृमींमध्ये दोन्ही कड्यांवर केवळ शंकूसारखे दाते आहेत, पट्टी कोठेही नाही. मग तांबूस कृमींना नेरीस म्हणता येईल का?

उत्तर २: सागरतळावरील प्राण्यांच्या अभ्यासक

एवढ्यावरून म्हणता येणार नाही, कारण नेरीस आणि निअँथीस या दोन्ही प्रजातींत शंकूसारखेच दाते असतात. त्यांच्यातील भेद परापादांवरील (खंडांच्या बाजूंच्या पायासारख्या अवयवांवरील) दृढरोमांत, म्हणजे ताठ केसांत, आहे, आणि तोही शरीराच्या मागच्या भागात. मागच्या खंडांतील एक परापाद मुळापासून कापून ग्लिसरीनमध्ये काचपट्टीवर बसवा आणि त्याच्या वरच्या शाखेतील रोम अधिक क्षमतेच्या भिंगाखाली पाहा. हे रोम सांध्याचे असतात, म्हणजे खाली दांडा आणि त्यावर बसवलेले पाते. सर्व पाती लांब व निमुळती असतील तर नेरीस बाद होते आणि निअँथीसची शक्यता वाढते. आखूड, टोकाशी वाकलेले पाते आणि त्याच्या सांध्याचे दोन्ही ओठ सारख्या उंचीचे असे रोम तेथे सापडले, तर तो नेरीस. पुढच्या खंडांतील परापाद पाहून हा निर्णय करू नये. परापाद कितव्या खंडातून घेतला हे प्रत्येक काचपट्टीवर लिहिण्याची सवय लावून घ्या, कारण त्या क्रमांकाशिवाय दृढरोमांच्या वर्णनाची तुलना करता येत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. प्रजननाच्या काळात यांतील अनेक जातींचे डोळे मोठे होतात, आणि मागच्या भागातील परापाद पसरट होऊन त्यांवर वल्ह्यासारखे रोम येतात. अशा कृमींना पूर्वी हेटेरोनेरीस या स्वतंत्र नावाने ओळखले जात असे, इतके ते वेगळे दिसतात. तेव्हा असा नमुना आढळल्यास तिसरी जात मिळाली असे समजू नका.

उत्तर १ देणारे प्राध्यापक

मॅडमचे म्हणणे योग्य आहे. हिरवट कृमींबाबत मात्र एक सावधगिरी सुचवतो. प्रत्येक बाजूला एकच पट्टी असल्यामुळे जुन्या कळीने (जात ओळखण्याच्या लक्षणसूचीने) आपण पेरिनेरीस कल्ट्रिफेरा या नावापाशी पोहोचाल. ग्रुबे यांनी १८४० मध्ये भूमध्य समुद्रातील नमुन्यांवरून ही जात वर्णिली होती. भारतीय पॉलिकीटांवरील फोव्हेल यांचा १९५३ चा ग्रंथ आजही उपयुक्त आहे, परंतु त्या काळी आपल्या किनाऱ्यावरील अनेक कृमींना युरोपीय जातींची नावे सहज दिली जात. जगभर पसरलेल्या मानल्या गेलेल्या अशा कित्येक जाती प्रत्यक्षात एकमेकींसारख्या दिसणाऱ्या अनेक जातींचे समूह असल्याचे पुढे आढळले. म्हणून प्रबंधात थेट नाव न देता ‘पेरिनेरीस, कल्ट्रिफेरासदृश’ असे लिहावे आणि क्षेत्रनिहाय दात्यांची संख्या सोबत द्यावी.

विद्यार्थिनी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पुढील संकलनात नमुने कसे जतन करावेत, म्हणजे ग्रसनी बाहेर राहील?

उत्तर २ देणाऱ्या अभ्यासक

कृमी थेट फॉर्मॅलिनमध्ये टाकल्यास आकसतात, आणि घाट चढून कोल्हापूरला पोहोचल्यावर ते सरळ करता येत नाहीत. म्हणून हे काम किनाऱ्यावरच करावे. मॅग्नेशियम क्लोराइडच्या सुमारे ७ टक्के द्रावणात समान भाग समुद्राचे पाणी मिसळून कृमी त्यात शिथिल होऊ द्यावेत. स्पर्श केल्यावर हालचाल होईनाशी झाली की डोक्यामागे बोटाने हलका दाब द्यावा, म्हणजे बहुतेक वेळा ग्रसनी बाहेर येते. त्यानंतर १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये स्थिर करून, पाण्याने धुऊन, ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावेत. फॉर्मॅलिनमुळे डीएनए खराब होतो, त्यामुळे फॉर्मॅलिनमध्ये टाकण्यापूर्वीच प्रत्येक प्रकारातील काही कृमींच्या शेपटाचा तुकडा तीव्र अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवावा, आणि तुकड्याच्या व मूळ नमुन्याच्या चिठ्ठीवर एकच क्रमांक घालावा.