किटच्या गिटारचा नेक: बसवणी आणि पॉलिश (अनुभव लिहा)

चार स्क्रूंनी बॉडीला जोडायचा बोल्ट-ऑन नेक (गिटारचा लांब दांडा) डोळ्यांसमोर ठेवून धागा काढतेय. मापं मिलिमीटरमध्ये द्या, आणि कुठे काय बिघडतं, का बिघडतं तेही लिहा. सुरुवात मीच करते. रंगाचा डबा उघडण्याआधी अख्खी गिटार एकदा कोरडी जोडून बघा. 648 मिमी स्केल (तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी) असेल तर नटच्या (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) आतल्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या (नेकवरची धातूची आडवी पट्टी) मध्यापर्यंत 324 भरायला हवेत आणि तिथून पातळ ई तारेच्या सॅडलपर्यंत (ब्रिजवर तार टेकते तो सरकता तुकडा) पुन्हा तेवढेच किंवा एक-दोन मिमी जास्त. जाड ई तारेचा सॅडल आणखी तीनेक मिमी मागे जाऊ शकला पाहिजे. अंतर जास्त भरलं तर आधी ब्रिजला दोष देऊ नका. बॉडीतल्या ज्या खोबणीत नेक बसतो तिच्या टोकाला भुसा किंवा सीलरची (लाकडाची छिद्रं बुजवणारा थर) गुठळी अडकलेली असते, म्हणून नेक पूर्ण आत जात नाही.

* * *

लांबी जुळली तरी नेक तिरका असू शकतो. नटच्या दोन्ही कडेच्या खाचांतून ब्रिजपर्यंत दोन दोरे ताणून बांधा आणि शेवटच्या फ्रेटपाशी दोन्ही बाजूंचं अंतर सारखं आहे का ते पाहा. साधारण 76 मिमी लांबीच्या खोबणीत अर्धा मिमी ढिलाई असली तर नटपाशी नेक जवळजवळ 3 मिमी सरकतो. दोरे जुळले की क्लॅम्प लावा आणि तो ड्रिलिंग संपेपर्यंत काढू नका.

* * *

ड्रिलिंगबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथली चूक महागात पडते. बॉडीतल्या भोकांतून स्क्रू हाताने सरकन आरपार गेला पाहिजे. 4.2 मिमीच्या स्क्रूला 4.5 मिमीचं भोक लागतं. बॉडीतही आटे धरले तर कितीही आवळा, नेक आणि बॉडीमधली फट तशीच राहते. आणि ती फट चार बोटं लांबून दिसतही नाही.

मेपलच्या नेकमध्ये पायलट होल (स्क्रूआधीचं बारीक भोक) 3.2 मिमीचं करा. खोली अंदाजाने ठरवू नका, हिशोब करा. स्क्रू 45, खोबणीखालची बॉडी 29, मागची प्लेट 2, म्हणजे नेकमध्ये 14 मिमी जातात. भोक 16 पुरे. टाच (नेकचा खोबणीत बसणारा भाग) फ्रेटबोर्डासकट (फ्रेट ठोकलेली वरची फळी) 25ची असते, त्यामुळे बिटवर 16च्या खुणेला टेप गुंडाळला की फ्रेटबोर्ड वाचतो. भोकाच्या तोंडाची कड किंचित मारा, नाहीतर आटे लाकडाचा ओठ वर उचलतात आणि नेक त्या ओठावरच टेकतो. स्क्रूला मेण चोळा. साबण नको, तो ओल धरतो. किटमधले स्क्रू मऊ असतील तर त्याच मापाच्या चांगल्या स्क्रूने आधी आटे पाडून घ्या.

* * *

पॉलिशचं. तेल लावण्याआधी नेकच्या पाठीवर पाण्याचा एक थेंब टाका. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर कारखान्याचा सीलर आहे, तेल आत मुरणार नाही, नुसतं चिकट राहील. सीलर पूर्ण घासून काढा, नाहीतर वरून लॅकरच मारा. उघड्या लाकडावर 180, 240, 320 नंबरचे सँडपेपर चालवा. मग ओल्या फडक्याने पुसा, वाळल्यावर उभे राहिलेले तंतू 400ने काढा. तेलाचे तीन ते पाच हात, प्रत्येक हात लावून पुसून टाकायचा. टाच आणि खोबण मात्र टेप लावून कोरडी ठेवा. तिथे चढलेला थर बसवणी बिघडवतो. रोझवुडच्या फ्रेटबोर्डाला पातळ तेल चालतं, मेपलच्या फ्रेटबोर्डाला लॅकरचा थर हवाच.

* * *

वरच्या प्रतिसादात जोड: जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकू नका. त्या आपोआप पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा. स्टील वूल वापरणार असाल तर नेक बॉडीपासून सोडवून वापरा, त्याचे बारीक तंतू पिकअपच्या चुंबकांना चिकटतात.

* * *

सॅडल तळाला गेले तरी तारा उंच राहत असतील तर खोबणीत पाचर लागते. ब्रिजकडच्या टोकाला कार्डाचा तुकडा सरकवणं सोपं, पण मग मध्ये पोकळी राहते आणि शेवटचे फ्रेट उचलले जाऊ शकतात. अख्ख्या खोबणीच्या मापाची लाकडी पाचर बरी. नटकडच्या टोकाला शून्य, ब्रिजकडच्या टोकाला 0.66 मिमी, म्हणजे अर्ध्या अंशाचा उतार.

* * *

पाचर घालण्याआधी ट्रस रॉड (नेकचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई) तपासा. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून सातव्या फ्रेट आणि तारेमध्ये 0.2 ते 0.25 मिमी फट हवी. रॉड फिरवायचा तर एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. तारा सुरात आणल्यावर चारही स्क्रू अर्धा फेरा सैल करा. तारांच्या ताणाने नेक खोबणीत घट्ट सरकतो, कधी बारीक 'टक' ऐकू येतं. मग स्क्रू कर्णाकर्णी आवळा आणि दोरा-तपासणीची जागा आता दोन ई तारांनाच द्या.