अनुभव धागा: क्लबाचं नाव आणि त्यामागचं गाव

नाशकात दरवर्षी नवी फुटबॉल टीम निघते आणि नावाची वेळ आली की 'रॉयल', 'टायगर्स', 'युनायटेड' यापुढे गाडी सरकत नाही. मोठ्या क्लबांची नावं कुठून आली, मैदान बदलल्यावर त्यांचं काय झालं, आपल्याकडे नाव पक्कं करताना कुठे अडतं, हे ज्यांना नीट ठाऊक आहे त्यांनी लिहा. मैदानावरचे किस्से पुन्हा कधीतरी, इथे कामाचं हवं. उत्तराच्या वर आपलं टोपणनाव टाका.

तोफखाना
देवळालीला तोफखाना, नाशिकरोडला प्रेस, ओझरला एचएएलचा विमान कारखाना. आपल्या जिल्ह्याला लंडनच्या आर्सेनल (म्हणजे शस्त्रकारखाना) क्लबाचं नाव समजावून सांगायची गरज पडू नये. 1886 मध्ये वुलिचच्या सरकारी शस्त्रकारखान्यातल्या कामगारांनी टीम काढली. पहिलं नाव डायल स्क्वेअर, म्हणजे कारखान्यातला एक विभाग. मग रॉयल आर्सेनल, मग वुलिच आर्सेनल. 1913 मध्ये क्लब थेम्स ओलांडून उत्तर लंडनला हायबरीत गेला आणि लवकरच 'वुलिच' गळालं. गाव सुटलं, कारखाना नावात राहिला. पुढे 1932 मध्ये मैदानाशेजारच्या गिलेस्पी रोड स्टेशनलाच आर्सेनल नाव दिलं गेलं.

वेस्ट हॅमच्या बिल्ल्यावरचे हातोडे जहाजाचे रिव्हेट ठोकायचे आहेत. थेम्स आयर्नवर्क्स या जहाजकारखान्याची टीम 1895 ची, वेस्ट हॅम युनायटेड हे नाव 1900 चं. मँचेस्टर युनायटेड मुळात न्यूटन हीथची, रेल्वेच्या डबे-वाघिणी विभागातल्या कामगारांची. कर्ज डोक्यावरून गेलं, नवे पैसेवाले आले आणि 1902 मध्ये नाव बदललं. गंमत म्हणजे त्यांचं ओल्ड ट्रॅफर्ड मँचेस्टर शहराच्या हद्दीतच येत नाही.

गोदाकाठ
टॉटनहॅमचं उदाहरण मला सगळ्यात कामाचं वाटतं. 1882 मध्ये नाव नुसतं हॉटस्पर होतं. लंडनमध्ये त्याच नावाचा दुसरा क्लब होता आणि एकाची पत्रं दुसऱ्याकडे जायची, म्हणून 1884 मध्ये पुढे टॉटनहॅम लागलं. आज पत्रांच्या जागी व्हॉट्सअॅपवरचं वेळापत्रक आहे, घोळ तोच. दोन 'टायगर्स' एकाच स्पर्धेत उतरले की गुणतक्त्यात कोण कुठला हे पंचांनाही कळत नाही.

लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टनचा पेच वेगळा. अॅनफिल्ड मैदानाच्या भाड्यावरून मैदानमालक जॉन होल्डिंगशी बिनसलं आणि 1892 मध्ये क्लब गुडिसन पार्कला गेला. होल्डिंगला रिकाम्या मैदानावर एव्हर्टन हेच नाव लावायचं होतं, पण फुटबॉल संघटनेने नकार दिला. त्यातून लिव्हरपूल जन्मला. आणि एव्हर्टन? अॅनफिल्ड, गुडिसन, 2025 पासूनचं गोदीवरचं मैदान, तिन्ही एव्हर्टन वस्तीच्या बाहेर.

बुधवारवाला
शेफील्ड वेन्सडे: क्रिकेट क्लब बुधवारच्या अर्ध्या सुट्टीत खेळायचा, त्याचीच 1867 मध्ये फुटबॉल टीम झाली. नावात वार असलेला एवढा मोठा क्लब दुसरा नाही.

पेठेतला
इंग्लंड कशाला, कोल्हापूर बघा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. तालीम मंडळाचं नाव तेच फुटबॉल टीमचं, त्यामुळे प्रेक्षक आयते. जुन्या नाशकातही तालमी आहेत, त्यांच्या नावाने टीम का निघत नाहीत हे मला न सुटलेलं कोडं आहे. कोलकात्यात मोहन बागान हे नाव 1889 मध्ये एका बंगल्याच्या नावावरून पडलं. ईस्ट बंगाल 1920 चा. फाळणीनंतर तो प्रदेश दुसऱ्या देशात गेला, क्लब कोलकात्यातच राहिला, आणि तिकडून आलेल्या कुटुंबांसाठी ते नाव अधिकच घट्ट झालं.

सातपूर एमआयडीसी
प्रायोजकाचं नाव क्लबाला देऊ नका. आइंडहोव्हनचा पीएसव्ही फिलिप्स कामगारांचा, लेव्हरकुसेन बायरवाल्यांचा. दोन्ही टिकले कारण कारखाना पिढ्यान्‌पिढ्या तिथेच होता. मुंबईचा महिंद्रा युनायटेड राष्ट्रीय विजेता क्लब होता, कंपनीने 2010 मध्ये गुंडाळला. कंपनीला जर्सीवर छातीची जागा द्या, वर्षाचा करार करा, क्लबाच्या घटनेतल्या नावात घेऊ नका.

कागदपत्रं
आपल्याकडे संस्था 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याने आणि 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्याने नोंदवतात, काम धर्मादाय कार्यालयात. किमान 7 सभासद लागतात. नावाचे तीन पर्याय न्या, मिळतंजुळतं नाव आधी असेल तर अर्ज परत येतो. राष्ट्रीय किंवा सरकारी वाटणारं नाव बोधचिन्ह व नावे कायद्यात अडकतं. सगळ्यात जास्त घोटाळा नाशिकच्या इंग्रजी स्पेलिंगचा: एका कागदावर 'एच' आहे, दुसऱ्यावर नाही. घटना, पॅन, बँक आणि संघटनेचा फॉर्म, चारही ठिकाणी अक्षरन्‌अक्षर एकच ठेवा, नाहीतर बक्षिसाचा चेक वटताना अडतो. नंतर नाव बदलायचं तर आधी ठराव, मग 90 दिवसांत बदल अर्ज.

जर्सीवाला
नाव ठरवण्याआधी बिल्ला काढून बघा. छातीवरचा बिल्ला 7-8 सेंटीमीटरचा असतो, त्याच्या कमानीत 'नवीन नाशिक स्पोर्ट्स अँड कल्चरल फुटबॉल क्लब' बसत नाही. भरतकामात 5 मिलिमीटरपेक्षा लहान अक्षर दोऱ्याने भरून जातं, आणि देवनागरीत आधी रफार, मग 'र्ट्स' सारखी जोडाक्षरं जातात. लहान अक्षरं हवीच असतील तर सब्लिमेशन (उष्णतेने रंग कापडात उतरवायची छपाई) करा, पण ते पॉलिस्टरवरच धरतं, सुती कापडावर धुतलं की फिकं पडतं. आणि एकाच भागाला 'सिडको' लिहायचं की 'नवीन नाशिक', हा वाद छपाईला टाकण्याआधी मिटवून या.