रोज फेरीबोटीत खांद्यावर राहील असा जुन्या ढंगाचा मिररलेस: झेड एफसी की एक्स-टी३०?

चोडणकर

नमस्कार मंडळी. राहतो चोडणला, नोकरी पणजीत. सकाळी स्कूटर फेरीबोटीत चढवायची, रायबंदरला उतरायचं, संध्याकाळी हेच उलटं. पाण्यावरची ती थोडी मिनिटं हाच दिवसातला माझा मोकळा वेळ. फोनमध्ये मांडवीचे अडीच हजार फोटो आहेत. काढल्यावर एकही परत उघडून बघितलेला नाही.

घरात बाबांचा फिल्मचा जुना कॅमेरा आहे, याशिका इलेक्ट्रो ३५. चवथीला (गणेशचतुर्थीला) ते आम्हा पोरांना माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर फळं टांगतात त्या चौकटीखाली, उभं करायचे. त्यात बटण थोडं दाबलं की पिवळा दिवा लागतो, म्हणजे उजेड कमी, शटर मंद चालणार. तांबडा लागला तर उजेड जास्त. बाबा ओरडायचे, "पिवळा आहे, श्वास धरा!" आणि श्वास धरायचो आम्ही पोरं. गेल्या महिन्यात तो कपाटातून काढला आणि भिंगावर टॉर्च मारला. आत कोळ्याने जाळं विणावं तसे बारीक पांढरे धागे, कडेपासून मध्यापर्यंत आलेले.

तर आता नवा मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा डिजिटल) घ्यायचाय. डायल फिरवून चालणारा, मेनूत शिरायला न लावणारा. बजेट लेन्ससकट एक लाख, फार तर थोडं वर. वापर: फेरी, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, चवथ, आणि डिसेंबरात अमरावती एक्स्प्रेसने दूधसागरवरून होस्पेट, तिथून हंपी. व्हिडिओ काढत नाही. निकॉन झेड एफसी आणि फुजीफिल्म एक्स-टी३० टू यांच्यात अडकलोय. बायको म्हणते निकॉन दिसायला छान. मलाही तेच वाटतं, पण एवढ्या पैशांना ते कारण सांगायची लाज वाटते.

माशेलचो चिखल

लाज कसली चोडणकरबाब, झेड एफसी १९८२च्या एफएम२वर बेतलाय तो दिसण्यासाठीच. पण तुम्ही पावसाचं नावच काढलं नाही! या दोन्ही कॅमेऱ्यांना पाण्याधुळीपासून सील नाही, आणि तुम्ही राहता बेटावर.

माझी गोष्ट ऐका. आमच्याकडे आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या देवळाच्या मैदानात चिखलकाला, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव, असतो. तीन वर्षांमागे असाच एक बिनसीलचा कॅमेरा घेऊन मी कडेला उभा होतो. अगदी कडेला. चिखलाला कड कळत नाही. एक पोरगा घसरत आला तो थेट माझ्या पोटावर. रुमालाने पुसला, वरून स्वच्छ दिसला. रात्री डायल फिरवली तर आतून जात्यावर वाळू दळल्यासारखी करकर. दुरुस्तीचा आकडा ऐकून तो तसाच ठेवून दिला.

आता ओएम सिस्टीमचा ओएम-५ वापरतो. बॅटरी-कार्डासकट ४१४ ग्रॅम, आयपी५३, शिवाय हात हलला तरी फोटो सावरणारं स्टॅबिलायझेशन बॉडीतच. सोबतची १२-४५ एफ/४ प्रो लेन्सही सीलवाली, २५४ ग्रॅम. आयपी५३ म्हणजे शिंतोडे आणि भुरभुर. नळाखाली धरायचा परवाना नव्हे. सेन्सर (उजेड टिपणारी चिप) लहान आहे, २० मेगापिक्सेल. फेरीबोट त्यात सहज मावते. नवा घेतलात तर तुमचं बजेट ताणेल, वापरलेला शोधा.

दमट फोंडा

कॅमेऱ्यावर भांडणारे पुष्कळ येतील, मी फक्त त्या धाग्यांबद्दल लिहिते. ती बुरशी आहे. याशिका त्याच्या चामडी केसमध्येच होता ना? पैज लावते. चामडं ओल धरून ठेवतं, आत काळोख, हवा हलत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर घरातली आर्द्रता साठ-पासष्टच्या खाली क्वचितच येते, बुरशीला आणखी काय हवं? वेळेत लक्षात आली तर साफ होते. उशीर झाला तर भिंगावरचं कोटिंग खाल्लेलं असतं आणि साफ केल्यावरही डाग राहतो. माझी एक लेन्स अशीच गेली. साफ करून परत आली तेव्हा दिव्यासमोर फोटो काढला की धुरातून काढल्यासारखा यायचा.

म्हणून कॅमेऱ्याआधी डबा घ्या. रबराची कड असलेला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) आणि आर्द्रता दाखवणारा एक छोटा हायग्रोमीटर. काटा ४० ते ५०च्या मध्ये हवा. नारंगी दाणे हिरवे पडले की जुन्या कढईत मंद आचेवर परत नारंगी होईपर्यंत तापवायचे (स्वयंपाकाची कढई नको, सासूबाईंनी मला एकदा धरलंय). तांदळात ठेवायचा सल्ला कोणी दिला तर हसून सोडून द्या, पीठ आत जातं. विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट मिळालं तर उत्तमच. बुरशी एका लेन्सवरून दुसरीवर उडी मारते असं काही जण सांगतात, पण तिचे बीजाणू तसेही हवेत असतातच. खरा शत्रू ओल.

आणखी एक. तुमचं ऑफिस एसीचं असणार. बाहेर पडल्या पडल्या कॅमेरा काढू नका, गार भिंगावर वाफ धरते. पंधरा-वीस मिनिटं बॅग बंदच ठेवा.

एफ दोन

ताईंशी शंभर टक्के सहमत. चिखलरावांशी अर्धा. चोडणकर चिखलकाल्याला जाणार नाहीत, आणि फेरीत पाऊस आला तर कॅमेरा शर्टात जातो.

मी दोन्ही वापरलेत. तुमच्या प्रश्नाचं उत्तर बाबांच्या याशिकातच आहे. त्यात बाबा फक्त अॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडायचं ते) ठरवायचे, शटर कॅमेरा ठरवायचा. हीच सवय फुजीत जशीच्या तशी चालते: शटरची डायल ए (ऑटो) वर ठेवा, लेन्सवरची रिंग फिरवा, झालं. झेड एफसीवर आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते), शटर आणि एक्स्पोजर (फोटो उजळ-गडद करायला) अशा तीन देखण्या डायल आहेत, पण सोबत येणाऱ्या १६-५० लेन्सला अॅपर्चरची रिंगच नाही. ते पुढच्या चाकाने बदलायचं आणि वरच्या टीचभर खिडकीत आकडा वाचायचा. खिडकी गोड आहे. पण हाताला आठवण रिंगची असते. उलट एक्स-टी३० टूवर आयएसओची वेगळी डायल नाही, तेवढं सोसा. फुजीतही एक खाच आहे: किटची एक्ससी १५-४५ घेऊ नका, तिला अॅपर्चरची रिंग नाही, झूमही मोटरवर चालतो.

आता माटोळी. झूम ५० वर नेला की ती निकॉनची लेन्स एफ/६.३ होते (एफचा आकडा मोठा तितका उजेड कमी). एफ/२ ची लेन्स त्याच्या साधारण दहापट उजेड आत घेते. स्टॅबिलायझेशनने टांगलेल्या सुपाऱ्या आणि नारळ स्वच्छ येतील, खाली फुगडी घालणाऱ्या मुली पुसटच येणार. त्या कुठे स्थिर आहेत? तिथे मोठं अॅपर्चर नाहीतर जास्त आयएसओ. ६४०० ला बिनधास्त जा. दाणे दिसले तरी चालतात, पुसट चेहरा चालत नाही.

याशिकाची लेन्स ४५ एमएम. या कॅमेऱ्यांचा सेन्सर फिल्मपेक्षा लहान असल्याने दृश्य आवळतं, म्हणून तुलनेसाठी लेन्सचा आकडा दीडपट धरायचा. एक्सएफ २७ एफ/२.८ म्हणजे जवळजवळ ४१, एक्सएफ ३५ एफ/२ म्हणजे जवळजवळ ५३. बाबांची नजर या दोघींच्या मधोमध. मी २७ घेईन. ८४ ग्रॅमची चपटी लेन्स, ३७८ ग्रॅमची बॉडी, मिळून अर्ध्या किलोच्या आत. तिच्यावर डब्ल्यूआर (पाण्याधुळीपासून सील) लिहिलंय, पण बॉडीला सील नाही, त्यामुळे त्या अक्षरांच्या भरवशावर भिजू नका. हंपीत कुठे रुंद फोटो हवा वाटला तर फोन आहेच. आणि बिल भारतातल्या वॉरंटीचं घ्या, स्वस्तातला परदेशी माल पुढे महाग पडतो.

चोडणकर

सगळ्यांचे आभार. ताई, पैज जिंकलात. तपकिरी चामडी केस, आतला मखमली कपडासुद्धा बुरसटलेला.

शनिवारी पणजीत दोन्ही हातात घेऊन पाहिले. निकॉन बाहेरून बघताना जीव जडला होता, पण डोळ्याला लावला आणि डाव्या हाताची बोटं आपोआप लेन्सभोवती रिंग शोधायला लागली. फुजी २७ बरोबर सांगून आलोय, पुढच्या आठवड्यात येईल. बायकोने "तुझा तू बघ" म्हटलंय, म्हणजे पुढचे काही महिने निकॉन किती छान होता हे ऐकायचं.

डबा मात्र लगेच आणला. काटा आत ठेवला तेव्हा ८४ वर होता, रात्री जेवून बघितलं तर ४७. बाबा शेजारी बसून बघत होते. त्यांना फुजीचा फोटो दाखवला तर एकच विचारलं, "यात पिवळा दिवा लागतो?" काय सांगू?

एफ दोन

दिवा नाही. शटर फार मंद झालं की हात हलेल म्हणून इशाऱ्याचं चिन्ह येतं. श्वास आता फोटो काढणाऱ्याने धरायचा म्हणावं.