'खुलासा' म्हणजे नक्की काय? (गॅस कंपनीच्या पत्रकावरून आलेली शंका)

मी कोल्हापुरात बसून एका गॅस कंपनीच्या जनसंपर्क विभागाचं मराठी लिहितो. जाहिराती कमी, सुरक्षेची पत्रकं आणि पेपरांना धाडायच्या बातम्या जास्त. मागं एका गल्लीत गॅसचा वास येतोय म्हणून ओरड झाली. माणसं गेली, एक जोड ढिला निघाला, तासाभरात काम झालं. दुसऱ्या दिवशीच्या पत्रकाला मी मथळा दिला, 'गॅस गळतीबाबत कंपनीचा खुलासा'. पेपर येऊन पडतोय तोवर शुक्रवार पेठेतल्या आत्याचा फोन. "काय रं, तुमच्या कंपनीचं काय बाहेर आलं म्हणं?"

मला तर खुलासा म्हणजे नीट उलगडून सांगणं एवढंच ठाऊक. शब्द बदलला, की मी जुना झालो?

—

शब्द बदललाय. मूळ अरबी, अर्थ सार, गाळून उरलेला अर्क. खालसा आणि खलास हे त्याच धातूचे भाऊबंद. म्हणजे 1848 साली साताऱ्याचं राज्य खालसा झालं, त्यातही तोच धातू आहे. मराठीत खुलाशाला 'स्पष्ट करून सांगणे' हा अर्थ चिकटला, 'खुलासेवार' त्यातूनच आला. 'खुला'शी त्याचं नातं नाही, पण कानाला ते लागतं आणि शब्द त्या बाजूला कलतो. हिंदी बातम्यांत खुलासा म्हणजे गौप्यस्फोट. मराठी चॅनेलवाल्यांनी तो तसाच उचलला, आता 'धक्कादायक' लावल्याशिवाय तो त्यांच्या तोंडून बाहेर पडत नाही. तुमच्या आत्या टीव्ही बघतात, एवढंच.

—

सगळं हिंदीवर ढकलू नका. मी 31 वर्षं सरकारी नोकरी केली. आमच्याकडे 'खुलासा मागवला' म्हटलं की घाम फुटायचा. लेखी खुलासा, तोही तीन दिवसांत, 'समाधानकारक न वाटल्यास' वगैरे. खुलासा देणारा आधीच निम्मा गुन्हेगार. टीव्ही नव्हता तेव्हाची गोष्ट आहे ही.

—

हे लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे चॅनेलच्या अर्थानं कंपनीनं लपवलेलं बाहेर आलं आणि कचेरीच्या अर्थानं कंपनी पिंजऱ्यात उभी. आमचे मुंबईचे साहेब हिंदी भाषक. ते तर मथळा बघूनच हादरले होते. तेव्हा मी मनात हसलो होतो. मग 'निवेदन' करू का?

—

भावा, निवेदन? कोल्हापुरात? निवेदन द्यायचं असतंय, काढायचं नसतंय. बिंदू चौकातनं मोर्चा निघतोय, कलेक्टर कचेरीवर जातोय, तिथं शिष्टमंडळ निवेदन देतंय, फोटो निघतोय. कंपनीचं निवेदन म्हटल्यावर लोक विचारतील, ह्यांच्या मागण्या काय हाईत?

—

'स्पष्टीकरण' चालेल, जरा कोरडं आहे. पण मला विचाराल तर तुमचा घोटाळा खुलाशापाशी नाहीच, 'गळती'पाशी आहे. आपल्याकडं गळती म्हटलं की पाणी. जलवाहिनीला गळती, दोन दिवस नळ कोरडे, घागरी घेऊन टँकरची वाट. लोक वैतागतात, पण भीत नाहीत. गॅसला हा शब्द लावून तुम्ही भीती कमी करता. कंपनीला ते बरंच वाटत असेल म्हणा.

आणि गळणं म्हणजे खाली पडणं. पानं गळतात, केस गळतात, छप्पर गळतं. सिलिंडरमधला गॅस प्रोपेन-ब्युटेनचा, हवेपेक्षा जड, तो खरंच खाली उतरतो आणि फरशीलगत साचतो. त्याला गळती म्हणा एक वेळ. पाइपातून येतो तो मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका. तो छताकडे जातो. तो गळेल कसा?

बायका काय म्हणतात ते ऐका. "गॅस सुटलाय." सुटलेल्या बैलासारखा. त्यात भीतीही आली आणि दिशेचा प्रश्नही मिटला.

—

'सुटलाय' झकास. पण मथळ्यात 'गॅस सुटला' लिहिलं की लोक पोटाच्या तक्रारीचं वाचल्यासारखं हसतील. 😄

—

हाच धोका आहे, ताई. तरी पत्रकाच्या पोटात (पोटातच!) तो शब्द घालतो.

वासाचीही एक फजिती सांगतो. गॅसला स्वतःचा वास नसतो. सुटला तर कळावा म्हणून त्यात मर्कॅप्टन मिसळतात, सडक्या कोबीसारखं घाणेरडं. वरून आलेल्या इंग्रजी मजकुराचं भाषांतर कुणीतरी 'गॅसमध्ये विशिष्ट गंधद्रव्य मिसळलेले असते' असं केलं होतं. गंधद्रव्य! म्हणजे आमच्या आत्याला देव्हाऱ्यातलं उगाळलेलं चंदन आणि अष्टगंध आठवणार. ती सुवासाची वाट बघत बसली तर? मी ते खोडून 'उग्र घाण वास' केलं. वरून शेरा आला, 'घाण' हा शब्द कंपनीच्या प्रतिमेला शोभत नाही. तीन मेल झाले त्यावर. शेवटी 'उग्र वास' राहिला, 'घाण' गेली.

—

'दुर्गंध' सुचवला नाहीत?

—

सुचवला. 'दुर्' नको म्हणाले.

—

मग आता पत्रक कसं करताय?

—

मथळा प्रश्नाचा केलाय, खुलासा-निवेदन दोन्ही टाळून: 'काल गल्लीत गॅसचा वास का आला?' खाली मजकूर असा: 'पाइपचा एक जोड ढिला झाल्याने गॅस सुटला होता. तासाभरात जोड बदलला. पुन्हा वास आल्यास आधी शेगडीचा आणि मीटरजवळचा कॉक बंद करा, दारं-खिडक्या उघडा, दिव्याचं किंवा पंख्याचं बटण चालू-बंद करू नका, बाहेर जाऊन कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.' आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बटण चालू करू नको हे कळलं, पण बंद का करायचं न्हाई?" ठिणगी दोन्ही वेळेला पडू शकते, ते लिहायचं राहिलं होतं. आता घातलंय. मुंबईहून उत्तर यायचंय.