बाबांचा हात थरथरतो, विजेवरचा ब्रश घ्यावा की साधाच बरा?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

पांढरकवड्याजवळच्या खेड्यात राहतो. बाबा ६९ वर्षांचे. दोन वर्षांपासून उजवा हात थरथरतो, कंपवाताच्या गोळ्या चालू आहेत. जन्मभर बोटानं राखुंडी लावली, मीच हट्टानं ब्रश हातात दिला. आता ते दांडी मुठीत आवळून असे रगडतात की पंधरा दिवसांत ब्रशचे केस चारी बाजूंना फिसकटतात, अन् चूळ भरली की पाणी गुलाबी. खर्रा सुटला, एवढंच काय ते समाधान.

दंतवैद्य म्हणाले, विजेवरचा घ्या. बाबा म्हणतात, "दात घासाले मशीन कायले पायजे? फवारनी कराची हाय का?"

मी थोडं वाचलं. कॉक्रेन म्हणजे वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणारी संस्था, तिच्या २०१४ च्या आढाव्यात ५६ चाचण्या होत्या. तीन महिन्यांवर वापर झाला की विजेवरच्या ब्रशनं दातांवरचा थर साध्यापेक्षा २१ टक्के कमी दिसला. पण ती माणसं धडधाकट हातांची. थरथरत्या हाताचं काय, हे घरात कोणी वापरत असेल तरच कळेल.

दुसरी अडचण लाईनची. उन्हाळ्यात कधी जाईल नेम नाही. सेलवाला घ्यावा की चार्जिंगचा? आणि वरची डोकी दर तीन महिन्यांनी बदलायची, ती इथं दुकानात मिळत नाहीत.

(बोअरच्या फ्लोराइडवाल्या पाण्यानं पडलेले डाग ब्रशनं जात नाहीत हे माहीत आहे, त्यावर सल्ले नकोत.)

प्रतिसाद १: सासूबाईंना लकवा झाल्यापासून आमच्याकडे आहे, चार्जिंगचा. एकदा चार्ज केला की आठवडाभर सहज जातो, लाईनची काळजी सोडा. दाब जास्त झाला की दिवा लागतो, तसाच बघून घ्या. दांडी जाड असते, पकड बसते. तोंडात ठेवल्यावरच बटण दाबायला सांगा, आमच्या भिंतीवर अजून पेस्टचे ठिपके आहेत. आणि घासायचं नाही, एकेका दातापाशी नुसता धरायचा. हे शिकवायलाच महिना गेला. डोकी एकदम चार मागवा.

प्रतिसाद २: दादा, आधी दहा रुपयांचा उपाय करा. मऊ केसांचा ब्रश घ्या, दांडीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवा. जमलं तर दोन हजार वाचतील.

धागाकर्ता: दोघांचेही आभार. काल ट्यूब चढवली. पकड बसली, ब्रश हातातून निसटत नाही, पण रगडणं तेच. आज सकाळी चूळ पुन्हा गुलाबी. म्हणजे दिवावालाच मागवतो. ताई, एकच सांगा, पहिल्या दिवशी तो तोंडात गुरगुरला तेव्हा सासूबाईंनी फेकला नाही का? आमचे बाबा नक्की फेकतील.